नवं होईपर्यंत

बाजारात काकडी आली आहे आणि मी ती घेत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रामधनीची हातगाडी असते. तो काकड्या एकावर एक रचतो, त्यांच्यावर पाणी मारतो आणि मी दिसलो की हाक मारतो. "साहेब, एकदम कवळी हाय, घ्या ना." मी मान हलवतो. शिराळी घेतो, कोथिंबीर घेतो, पुढे होतो. मला काकडी डॉक्टरांनी बंद केली आहे अशी त्याने समजूत करून घेतली असावी, कारण हल्ली तो माझ्याकडे जरा काळजीने बघतो.

भाद्रपदातलं ऊन मला नेहमी स्वप्नातल्यासारखं वाटतं. सकाळी एक सर येऊन जाते, डोंगरावरून वाफ निघते आणि त्या वाफेत पिवळसर उजेड भिजून राहतो. खिडकीत उभं राहिलं की आपण पुरते जागे झालोय की नाही याची खात्री वाटत नाही. आमची खिडकी डोंगराकडे आहे. घर घेताना बिल्डरच्या माणसाने ती खिडकीच आधी उघडून दाखवली होती. मुलुंडमध्ये असा डोंगर कुठे मिळणार, असं तो म्हणाला होता. जणू डोंगरही त्यानेच आणून ठेवला होता.

त्या डोंगराच्या अंगावर, सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून निघालं तर घाम फुटेपर्यंत चालून गेल्यावर, उंबरपाडा लागतो. वारल्यांची थोडी घरं, एक विहीर, आणि उतारावर जमेल तिथे जमेल तेवढी शेतं. मी नकाशे काढणारा माणूस आहे. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आयुष्य गेलं. नकाशात इमारतीला रेघ असते, गटाराला असते, पार्किंगला असते. त्या शेतांना नव्हती. तिथे मी वर्षानुवर्षं फिकट हिरवा रंग भरला आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'मोकळी जमीन'. पहिल्यांदा त्या हिरव्या रंगात पायी शिरलो तेव्हा वरून एक बाई ओरडली, "ओ भाऊ! पाय बघून टाका, नाचणी हाय खाली."

ती बारकीबाय. नाव बारकी, अंगानेही बारकी, आवाज मात्र डोंगराच्या पलीकडे जाईल असा. मी पाय उचलला आणि तसाच थोडा वेळ एका पायावर उभा राहिलो, कारण दुसरा कुठे ठेवावा ते कळेना. ती हसत खाली आली, माझ्या दंडाला धरून तिने मला बांधावर नेलं. मी कुठे राहतो ते विचारलं. मी खालच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "तिथं आमचा वाल असायचा," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, 'तिथं पूर्वी पोस्ट होतं' असं आपण सांगतो तसं. तिने तक्रार केली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं आणि घरी जाऊन झोपलो असतो.

त्या दिवसापासून मला मदत करायची सवय लागली. चांगलं काम करतो असं लोक म्हणतात तेव्हा मी विषय बदलतो. खरं सांगायचं तर मी ज्या वालाच्या शेतावर झोपतो त्याचं भाडं भरत होतो, आणि तेही कुणी मागितलेलं नसताना. आई हे ओळखून होती. मी सुट्टीच्या दिवशी पिशव्या घेऊन निघालो की ती पलंगावरून म्हणायची, "झिला, तू कित्या इतको धावतंस? कोणीतरी पाठी लागल्यासारखो?"

आम्ही सुरू केलं ते साधंच होतं. पाड्यातल्या बायका आधी स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसायच्या आणि महापालिकेची गाडी आली की टोपली उचलून पळायच्या. त्याऐवजी दर रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटच्या आत, जिमखान्याच्या शेडखाली, त्यांनी बसायचं. शेडसाठी कमिटीशी भांडलो, एक वजनकाटा आणला, मोबाईलवर एक ग्रुप केला. बारकीबायची सून जमना चुणचुणीत. ग्रुपवर शनिवारी तिचा आवाज यायचा, "उद्या करटोली हायत, शिराळी हाय, कुर्डू हाय. लवकर या, मागनं बोलू नका आम्हाला नाय भेटलं." औषध न मारलेली, कुदळीने खणलेल्या जमिनीतली भाजी. लोक यायला लागले. जमना म्हणायची, असंच चाललं तर मी कशाला जाते टॉवरात झाडू मारायला. त्या वर्षी समोर नवा टॉवर उभा राहिला होता आणि तिथल्या सफाईच्या कामासाठी तिला विचारणा झाली होती. पाड्यातल्या बऱ्याच सुना अशाच खाली उतरल्या होत्या आणि त्यांच्या वाटचे उतार गवताने भरले होते. बारकीबायचा उतार जमनावर उभा होता आणि जमना आमच्या त्या शेडवर. मलाही ते माहीत होतं, म्हणून रविवारी मी शेडपाशी उभा राहून येणारी गिऱ्हाइकं मोजायचो.

त्याच वर्षीचा तो भाद्रपद, जो दरवर्षी असं ऊन पडलं की परत येतो.

सोसायटीतल्या बायकांनी ऋषिपंचमीची भाजी मागितली होती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हाताने पिकवलेलंच खायचं, हा नेम. आता मुलुंडच्या बाजारात कुठली भाजी बैलाने पिकवली आणि कुठली ट्रॅक्टरने, हे कोण सांगणार? सी विंगच्या दामले काकूंना उंबरपाड्याचा शोध म्हणजे घबाडच वाटलं. "अरे सतीश, ऋषींच्या वेळची शेती आपल्या भिंतीपलीकडे आहे आणि तू हे आत्ता सांगतोस?" भाजीत बाकी काही असो नसो, काकडी हवीच. मी सगळ्यांना हो म्हणालो. वरच्या वेलांवर काकड्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. आखूड, पांढुरक्या हिरव्या, अंगावर लव असलेल्या. हात लावला तर बोटांना थंड वाटायचं.

शनिवारी टोपल्या आणायला गेलो तर शिराळी होती, भेंडी होती, अळू होतं. काकडी नव्हती.

"काकडी?"

"नवं नाय झालं अजून," बारकीबाय म्हणाली.

नवं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं. शेतात नव्याने आलेली काकडी, नाचणी, भात यांतलं पहिलं मेलेल्या माणसांना द्यायचं. सगळ्या पाड्याने एकाच दिवशी द्यायचं. त्यानंतर घरच्यांनी खायचं, आणि मग विकायचं. पाड्यात एखाद्या घरी माणूस गेला असेल आणि त्याचे दिवस घालायचे राहिले असतील तर सगळ्यांनीच थांबायचं. त्या वर्षी श्रावणात बुधा नावाचा म्हातारा गेला होता. त्याचा मुलगा सातपाटीकडे बोटीवर कामाला, समुद्रात गेलेला. तो येईल तेव्हा दिवस, दिवस होतील तेव्हा नवं.

मी तिच्या अंगणात उभा होतो. वेल समोर मांडवावर होता, पानांवरून पाणी टपकत होतं. आणि मी म्हणालो, "एक टोपली फक्त. खाली कुणाला कळणार आहे?"

हे वाक्य मला अजूनही ऐकू येतं. आवाज माझाच, पण एखाद्या दलालासारखा.

बारकीबायने माझ्याकडे बघितलं. "खाली नाय कळणार. वर कळंल." तिने आकाशाकडे नाही, विहिरीपलीकडच्या झाडीकडे हात केला. त्यांची गेलेली माणसं तिथे असतात. "आम्ही नाय खाल्ली, माझ्या नातवानं नाय खाल्ली. आनि तुझी काकू खानार?"

जमना आतून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, सकाळपासून सासूशी वाजलं असणार. "दादा, मी पन तेच बोलते. बुधाचा पोरगा कधी येनार ते त्यालाच म्हाईत नाय. काकडी काय त्याच्यासाठी कवळी राहनार हाय? पिकून पिवळी पडंल, मग कोन घेतं? गिऱ्हाईक तुटलं की तुटलं."

"तुटू दे," बारकीबाय म्हणाली.

"तुमचं काय जातं बोलायला! मग मी जाते टॉवरात. तुम्ही नि तुमची काकडी बसा वाट बघत."

"जा ना. टॉवरात जाऊन पन नवं थोडीच चुकतंय?"

जमना पायरीवर बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्यात पन नेम, आमच्यात पन नेम. कोनाचा मोडायचा ते सांगा, मी तोडून देते."

पाऊस नव्हता, तरी मांडवातून थेंब पडत होते. एक कोंबडी वेलाखाली माती उकरत होती. मला वाटलं, मी इथे नसतो तर हे भांडण झालं नसतं. मग वाटलं, मी नसतो तर जमना केव्हाच खाली गेली असती. दोन्ही खरं होतं. मी रिकाम्या टोपलीसारखा उतरलो.

ऋषिपंचमीला काकडी गेली नाही. दामले काकू लिफ्टमध्ये भेटल्या. "तुझे ऋषी उपाशी राहिले हो सतीश." हसून म्हणाल्या, पण पुढच्या रविवारी आल्या नाहीत. आणखी काहीजण आले नाहीत. ग्रुपवर एकाने लिहिलं, सर्व्हिस भरवशाची नाही. गणपती गेले. शेडखाली बायका बसायच्या, पाऊस पत्र्यावर वाजायचा आणि जमना समोरच्या टॉवरकडे बघत भाजीवरच्या माश्या हाकायची. कंत्राटदाराचा माणूस तिला दोनदा विचारून गेला होता. "नवं झालं की सांगते," असं तिने त्याला कळवलं होतं. मी विचारलं, त्याला कळलं का नवं म्हणजे काय? ती म्हणाली, "त्याला वाटलं नवीन साडी."

बुधाचा मुलगा एकदाचा आला, दिवस झाले, नवं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी काकड्या खाली आल्या. मनगटाहून जाड, पिवळ्या, काहींच्या सालीवर तपकिरी जाळी पडलेली. लोक यायचे, एक उचलून बघायचे आणि ठेवून द्यायचे. एक बाई म्हणाली, "ह्या तर म्हाताऱ्या झाल्या." दुपारपर्यंत टोपली तशीच. मी ती सगळी घरी नेली. घ्यायची म्हणून, दया म्हणून, स्वतःला शिक्षा म्हणून, नक्की कशासाठी ते मला सांगता येणार नाही. नीता, माझी बायको, दारातच म्हणाली, "झालं! आता महिनाभर काकडीचं थालीपीठ."

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात स्टुलावर बसली होती. तिने टोपलीत हात घातला, एक काकडी उचलून नाकाशी धरली आणि डोळे मिटले. "अगो, ही तवशी! कोणी हाडल्यान?"

"कुणाला नको होत्या, आई. खराब झाल्यात."

"खराब? वेडो की काय? ह्याचो धोंडस करतत."

लालबागच्या चाळीत, बाबा गिरणीत होते तेव्हा, गावाहून कुणी आलं की असं जाड पिवळं तवसं यायचं, हे मी साफ विसरलो होतो. आईने नीताला कामाला लावलं. तवसं किसून, तांदळाच्या रव्यात, गुळात, खोबऱ्यात मिसळून, टोपाला आतून हळदीची पानं लावून, खाली तवा ठेवून मंद आचेवर. गावी झाकणावर निखारे ठेवत, इथे तिने दुसरा तापलेला तवा ठेवायला लावला. दुपार उलटून गेली. हळदीच्या पानांचा आणि करपत्या गुळाचा वास घरातून जिन्यात गेला, जिन्यातून खालच्या मजल्यांवर. आधी तळमजल्यावरच्या राणे वहिनी वर आल्या, मग परब आजी. "धोंडस? तवसा खय गावला तुमका?" त्या घरात न बसता थेट टोपलीकडे गेल्या. आमच्या इमारतीत एवढी मालवणी माणसं आहेत हे मला त्या दिवशी कळलं, वासावरून.

टोपली संपली. पुढच्या रविवारी त्यांनी पिवळ्याच मागितल्या. सगळा माल खपला असं नाही. काही काकड्या बियाण्याला गेल्या, काही गाईने खाल्ल्या, आणि दामले काकू दिवाळीनंतर परतल्या, त्याही वालाच्या शेंगांसाठी. पण जमनाने कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलं. "एक वर्स बघते," ती म्हणाली. सासूकडे बघून नाही, माझ्याकडे बघूनही नाही, काकड्यांकडे बघून.

आईने बारकीबायला खाली बोलावून धोंडस खायला घातलं. दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. आई गुडघ्यांमुळे भिंतीला टेकून, बारकीबाय उकिडवी. एकीची बोली दुसरीला अर्धीच कळत होती, पण त्याने दोघींचं काही अडलं नाही. नव्याची गोष्ट निघाली. आई ऐकत राहिली, मग म्हणाली, "आमच्याकडे पण नवा करीत. भाताची लोंबी दाराक बांधीत. मुंबैक इलव आनि इसारलव."

"म्हंजे तुमची मानसं उपाशीच ऱ्हायली," बारकीबाय म्हणाली.

"ऱ्हवली खरी," आई म्हणाली आणि बराच वेळ पदराने ताटलीची कड पुसत बसली.

त्यानंतर दरवर्षी पाड्याचं नवं झालं की बारकीबाय आईसाठी एक पिवळी काकडी वेलावर मुद्दाम राखायची. जमना ती आणून द्यायची. "ही म्हातारीसाठी म्हातारी." आणि धोंडसाचा एक तुकडा केळीच्या पानात वर जायचा. ही देवाणघेवाण माझ्या डोक्यावरून चालायची. तिच्यात माझी मदत कुठेच नव्हती. कदाचित म्हणूनच ती टिकली.

या श्रावणात आई गेली. झोपेत, सकाळी. बारकीबाय आणि जमना आल्या होत्या. रिकाम्या हाताने आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जिथे आईचं स्टूल असायचं तिथे, भिंतीला टेकून बसून राहिल्या.  जाताना बारकीबायने फक्त विचारलं, दिवस कधी. मी म्हणालो, धाकटा भाऊ दुबईला आहे, त्याला रजा मिळत नाहीये, तो आला की गावी खाडीवर जाऊन सगळं करू.

भाऊ लवकर येईना. गणपती आले, आम्ही बसवला नाही. ऋषिपंचमीच्या आधी ग्रुपवर जमनाचा आवाज आला, "काकडी नाय या टायमाला. नवं झालं की सांगते, सारखं विचारू नका." खाली दामले काकूंनी लिहिलं, "आम्ही दुधीवर भागवू गं. नंतर पिवळी आली तरी चालेल, मी शिकलेय धोंडस." मला हसू आलं, आणि लगेच मी हिशेब करू लागलो. पाड्यात कुणी गेल्याचं मला माहीत नव्हतं. वर्ष जेमतेम पाऊसपाण्याचं होतं, आणि जमनाची मुलगी यंदा कॉलेजात गेली होती. मी फोन लावला.

"जमना, नवं का थांबलंय?"

"एका घरी दिस व्हायचेत, दादा."

"कुणाच्या?"

 मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "तुमच्या."

मी त्याच दिवशी वर गेलो. चढताना दम लागला. वाटेत नाचणी गुडघ्यापर्यंत आलेली, आता पाय कुठे ठेवायचा ते माझ्या पायांना कळतं. मांडवावर काकड्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या. पाड्यातल्या सगळ्याच मांडवांवर. मी बारकीबायच्या पायरीवर बसलो आणि बोलू लागलो, की असं करू नका, मी खालचा माणूस, माझ्यासाठी पाड्याने नुकसान सोसायचं नाही, माझ्या मनावर आधीच...

"गप रे," ती म्हणाली. "तुझ्यासाठी कोन थांबलंय? तुझ्या आयसाठी. तिची मानसं तिकडं उपाशी ऱ्हायली, ती पन ऱ्हानार काय?"

"सगळ्यांनी मान्य केलं?"

"एकदोघं बोलली," जमना आतून म्हणाली. "मी बोलली त्यांना, बुधाच्या टायमाला आम्ही थांबलो का नाय? मग आता कशाला तोंड उघडता?" ती दारात आली, हात पुसत. तीच जमना. "पिवळ्या पडू दे दादा. पिवळीला आता गिऱ्हाईक हाय."

 इतकी वर्षं मी त्या डोंगराला काहीतरी देत होतो आणि मनातल्या मनात माझ्या देण्यातून वजा करत होतो. हे कशातून वजा करायचं ते मला कळेना.  उजेड पिवळा होता, वेलाची पानं हलत होती. खाली आमची इमारत दिसत होती, तिची ती खिडकी दिसत होती, आणि त्या खिडकीत उभा राहून मी वर बघतोय असं काहीसं वाटून गेलं.

भाऊ आला. आम्ही गावी जाऊन आलो. खाडीचं पाणी शांत होतं. परतताना त्याने विचारलं, घाईत का आहेस? मी म्हणालो, लोक थांबलेत.

परवा रविवारी नवं आहे. पहिला तुकडा पानावर ठेवतील तेव्हा आईचं नाव घेऊन तिला जेवायला मी बोलवायचं आहे. मालवणीत बोलावलं तर चालेल का, असं मी बारकीबायला विचारलं. ती म्हणाली, तिला कळंल त्या भाषेत बोलाव.

आज संध्याकाळी रामधनीने पुन्हा हाक मारली. या वेळी हातगाडी सोडून जवळ आला. "साहेब, तब्येत बरी हाय ना? काकडी कायमची बंद काय?"

"तब्येत बरी आहे," मी म्हणालो. "आमचं नवं व्हायचंय अजून."